पावसाळी समुद्र, कोयनेचा भूकंप आणि मधल्या खडकात जिरणारी ऊर्जा

कातळकडा | १९ जून, रात्री १०:१५

पाऊस धरला की मुंबईच्या आसपासच्या कुठल्याही चांगल्या भूकंपमापकाची रेघ जाड होते. एप्रिलमध्ये तीच रेघ शांत असते. भूकंप झालेला नसतो, शेजारून ट्रकही गेलेला नसतो. दर पाच-सहा सेकंदांनी जमीन वर-खाली होते, मायक्रॉनच्या घरात, आणि मोसम संपेपर्यंत होतच राहते. तिला हलवतो अरबी समुद्र.

मी याच नोंदींवर काम करते. मागच्या आठवड्यात इथल्या चर्चेत ‘कोयनेला मोठा भूकंप झाला तर मुंबईला झळ किती’ या प्रश्नावर भरपूर प्रतिसाद आले. पण मधल्या दोनशे किलोमीटर खडकात ऊर्जा किती जिरते, इथे येऊन चर्चा अडली. त्या प्रश्नाला स्वतंत्र धागा हवा असं वाटलं.

भूकंपाची लाट पुढे जाताना लहान होते त्यामागे तीन गोष्टी असतात. एक, ती पसरते. ही निव्वळ भूमिती, खडक कसाही असो. दोन, वाटेतल्या भेगा, डाइक (खडकात शिरून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती), थरांच्या सीमा यांवर आपटून ती विखुरते. ही ऊर्जा नष्ट होत नाही, उशिरा आणि भलत्या दिशेने पोचते. तीन, खरा क्षय: कणांचं घर्षण, भेगांतल्या पाण्याची ढकलाढकल, तापलेल्या खडकाचा मऊपणा, यांत ऊर्जेची उष्णता होऊन जाते. दुसऱ्या आणि तिसऱ्याचा हिशेब ‘क्यू’ नावाच्या आकड्यात मांडतात. क्यू जितका मोठा तितका खडक लाटेला कमी खातो. दर आवर्तनाला जाणारा ऊर्जेचा हिस्सा साधारण ६.२८ भागिले क्यू. म्हणजे क्यू १०० असला तर सहा टक्क्यांच्या आसपास, १००० असला तर अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त.

दर आवर्तनाला, हे महत्त्वाचं. कोयना ते मुंबई सुमारे २०० किलोमीटर. लाटेचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटर धरला तर वाट ५७ सेकंदांची. सेकंदाला एक हेलकावा घेणारी लाट वाटेत ५७ आवर्तनं करते. मधल्या खडकाचा क्यू २०० धरला तर तिची उंची ४१ टक्क्यांवर येते, ८०० धरला तर ८० टक्के शिल्लक राहते. सेकंदाला पाच हेलकाव्यांची लाट घ्या: क्यू २०० ला ती जेमतेम एक टक्का उरते, ८०० ला ३३ टक्के. पसरण्याने होणारी घट यात धरलेली नाही आणि क्यूचे आकडे उदाहरणापुरते घेतलेत. पण ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ६.३ तीव्रतेचा धक्का कोयनेत बसला आणि मुंबईतली माणसं झोपेतून उठली, तेव्हा त्यांच्यापर्यंत काय पोचलं हे ठरवणारा एक मोठा आकडा हाच होता.

आता हा क्यू मोजायचा कसा? जुना मार्ग भूकंपांचा. एकाच भूकंपाच्या नोंदी जवळून आणि लांबून घ्यायच्या, लाट किती झिजली ते बघायचं. अडचण अशी की भूकंप आपल्याला हवे तिथे होत नाहीत. महाराष्ट्रात ते कोयना-वारणेच्या लहानशा पट्ट्यात दाटलेले आहेत. रायगड, ठाणे, नाशिक यांच्याखालून आडव्या-तिडव्या जाणाऱ्या वाटा त्यातून फारशा मिळत नाहीत.

इथे समुद्राची भुणभुण, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ती सततची थरथर, कामाला येते. दोन भूकंपमापकांच्या कित्येक महिन्यांच्या नोंदी घ्यायच्या, एक दुसरीवर सरकवत जुळवायच्या आणि जुळणीची बेरीज करत जायची. एका स्टेशनाजवळून, म्हणजे मापक बसवलेल्या जागेजवळून, गेलेली लाट काही सेकंदांनी दुसऱ्याजवळून जाते. ही उशिराची जुळणी दर वेळी त्याच जागी पडते आणि बाकी सगळं एकमेकांना कापत जातं. शेवटी जे उरतं ते जणू पहिल्या स्टेशनावर जमिनीला ठोका दिला आणि दुसऱ्यावर तो नोंदला असं असतं. या विचाराची बीजं केइती आकी यांच्या १९५७ च्या आणि जॉन क्लेरबाउट यांच्या १९६८ च्या कामात आहेत. २००५ मध्ये निकोलाय शापिरो आणि सहकाऱ्यांनी याच रीतीने दक्षिण कॅलिफोर्नियाच्या भूकवचाचा वेग-नकाशा, म्हणजे लाट कुठे किती वेगाने जाते याचा नकाशा, काढला, एकाही भूकंपाची वाट न बघता. त्यानंतर जगभर असे नकाशे निघाले.

एका हेलकाव्याला पाच ते वीस सेकंद घेणाऱ्या, जमिनीच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या या पृष्ठलाटा जमिनीत ढोबळमानाने तरंगलांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या खोलीचा अंदाज देतात. पाच सेकंदांची लाट पाचेक किलोमीटर, वीस सेकंदांची वीस-पंचवीस. आपल्या द्वीपकल्पाचं कवच ३५ ते ४० किलोमीटर जाड. म्हणजे वरचा अर्ध्याहून जास्त भाग समुद्र आपल्याला फुकटात तपासून देतो.

पण वेग आणि क्षय यांत मोठा फरक आहे, आणि हा धागा त्यासाठीच. वेग लाट कधी पोचली यावरून निघतो. क्षय ती किती मोठी पोचली यावरून. शेजारच्या खोलीतल्या रेडिओचा आवाज भिंतीने किती अडवला हे सांगायचं तर मुळात रेडिओ किती मोठ्याने लावलाय ते ठाऊक हवं. सगळ्या दिशांनी समुद्राची ही कुरबूर सारखीच येत असती तर गणित सोपं होतं. मुंबईत ती जून ते सप्टेंबर जवळजवळ सगळी पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येते. अशा वेळी वेग थोडाफार चुकतो, क्यू मात्र पार भरकटू शकतो.

माझं म्हणणं असं: मुंबईचा पावसाळा या कामासाठी अडचणीचा आहे तितकाच सोन्यासारखाही आहे. लाटा येण्याची दिशा जर ठाम माहीत असेल तर त्याच दिशेत स्टेशनांची ओळ लावता येते. किनाऱ्यापासून घाटापर्यंत. अशी ओळ वर्षभर चालवणं आणि नोंदी सगळ्यांना खुल्या ठेवणं मला फार गरजेचं वाटतं. प्रश्न विचारा, शंका काढा.

चाळकरी | १९ जून, रात्री १०:५८

सुंदर लिहिलंय. आमच्या घरात १९६७ ची आठवण अजून निघते. गिरगावात तिसऱ्या मजल्यावर आजोबा-आजी राहायचे. आजी सांगायची, फळीवरची पितळी पातेली आधी किणकिणली, मग लाकडी जिना करकरला, आणि त्यानंतर खाट सरकल्यासारखी वाटली. खाली चौकात येईपर्यंत सगळी चाळ जमली होती. आधी बारीक किणकिण आणि मग मोठा हेलकावा, हा क्रम ती नेहमी ठासून सांगायची. याला काही अर्थ आहे का?

कातळकडा | १९ जून, रात्री ११:२०

@चाळकरी, आजींचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. पहिली येते ती दाबलाट, कवचात साधारण सेकंदाला सहा किलोमीटर वेगाची. २०० किलोमीटरला तेहतीसेक सेकंद. ती लहान आणि जलद हेलकाव्यांची, तिने पातेली वाजतात. आडवी हलवणारी लाट आणि पृष्ठलाटा मागून येतात, खाट त्यांनी सरकते. मधे वीस-पंचवीस सेकंदांचं अंतर पडतं.

तुमच्या आठवणीत आणखी एक गोष्ट आहे. पातेली किणकिणायला सेकंदाला बरेच हेलकावे लागतात. २०० किलोमीटरवरून असे हेलकावे जिवंत पोचले, तर मधल्या खडकाचा क्यू फार लहान नसणार. एका फळीवरून आकडा काढता येत नाही, पण अशा आठवणी गावोगावच्या जमवल्या तर त्यांचाही नकाशा होतो. अमेरिकेत २०११ चा व्हर्जिनियाचा भूकंप ५.८ चाच होता, तरी देशाच्या पूर्व भागात दूरदूर जाणवला, कारण तिथलं कवच जुनं, थंड आणि लाटेला कमी खाणारं आहे. कॅलिफोर्नियात त्याच तीव्रतेचा भूकंप एवढा लांब जात नाही.

भरतीओहोटी | २० जून, सकाळी ७:३५

पाच-सहा सेकंद का? मी वर्सोव्याला राहतो, पावसात लाटा मोजत बसायची सवय आहे. दोन मोठ्या लाटांमधे सहज दहा-बारा सेकंद जातात. जमीन मग दुप्पट वेगाने कशी हलते?

कातळकडा | २० जून, सकाळी ८:१०

फार चांगला प्रश्न, आणि तुमचं मोजणं बरोबर आहे.

एकाच दिशेने जाणाऱ्या लाटेचा दाब खोल पाण्यात तळापर्यंत पोचत नाही, वाटेतच विरतो. पण समोरासमोरून येणाऱ्या, सारख्या कालावधीच्या दोन लाटा एकमेकींत शिरल्या की पाणी जागच्या जागी वर-खाली होतं. अशा वेळी पाण्याच्या गुरुत्वमध्याची उंची एका आवर्तनात दोनदा बदलते आणि तो दाब खोलीबरोबर विरत नाही, थेट तळाला बसतो. म्हणून बारा सेकंदांच्या लाटेतून सहा सेकंदांची कुरबूर. हे गणित मायकेल लाँगेट-हिगिन्स यांनी १९५० मध्ये मांडलं. किनाऱ्यावर आपटून परतणाऱ्या लाटा आणि वादळाच्या आत निरनिराळ्या दिशांनी उठणाऱ्या लाटा, दोन्हीकडून अशी टक्कर मिळते. उथळ पाण्यात तळाशी थेट झटापट करून बारा सेकंदांचीच कुरबूरही तयार होते, पण ती बरीच कमजोर.

मुंबईकर म्हणून मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. समुद्र आणि जमिनीच्या या कुरबुरीचं नातं कुलाब्याच्या वेधशाळेत फार लवकर ओळखलं गेलं. सुधांशु कुमार बॅनर्जी तिथे संचालक होते. मोसमी वारे आणि आपल्या समुद्रांतली वादळं यांच्याबरोबर भूकंपमापकावरची ही थरथर कशी वाढते-उतरते यावरचा त्यांचा मोठा निबंध १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. लाँगेट-हिगिन्स यांच्या वीस वर्षं आधी. पुढे हेच बॅनर्जी हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हे असायला हवं होतं.

निवृत्त_पूलवाला | २० जून, दुपारी १:४०

ताई, लेख आवडला, पण एका स्थापत्य अभियंत्याच्या नजरेतून विरोध नोंदवतो. माझी अख्खी नोकरी पायांचे खड्डे बघण्यात गेली. मुंबईत धोका ठरतो तो शेवटच्या तीस मीटरमधे. १९८५ चं मेक्सिको सिटी घ्या. भूकंप साडेतीनशे किलोमीटरवर, आणि शहराचा जो भाग जुन्या तळ्याच्या चिखलावर होता तोच आडवा झाला. आपल्याकडे सात बेटं भरून केलेली जमीन, खाडीकाठचा काळा गाळ. माहीमच्या खाडीलगत बोअर मारला की नळीत येणारी माती बोटांनी दाबली तरी आत जाते. शेजारी मलबार हिलला कुदळ वाजते. अशा शहरात कवचाचा क्यू दोनशे की आठशे, याने इमारतीच्या आराखड्यात काय फरक पडतो? मुंबई २०१६ च्या भूकंप संहितेत (बांधकामाच्या भारतीय मानकात) तिसऱ्या झोनमधे आहे, आम्ही त्याप्रमाणे बांधत आलो.

कातळकडा | २० जून, दुपारी ३:०५

@निवृत्त_पूलवाला काका, गाळाबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. पण गाळ काय वाढवणार? जे त्याच्यापर्यंत पोचेल तेच. दोन्हींचा गुणाकार होतो.

भूजचं बघा. २६ जानेवारी २००१, तीव्रता ७.७, मुंबईपासून साडेपाचशे किलोमीटर. संपूर्ण वाटेचा क्यू ४०० धरला, तर सेकंदाला तीन हेलकाव्यांची लाट अडीच टक्क्यांवर येते. चार सेकंदांचा एक हेलकावा असलेली लाट मात्र ७३ टक्के उरते. कारण एवढ्या वाटेत पहिलीला साडेचारशेहून जास्त आवर्तनं होतात आणि दुसरीला चाळीसच्या आसपास. मजल्यांच्या संख्येला दहाने भागून इमारतीचा कालावधी, म्हणजे तिच्या एका हेलकाव्याचा वेळ, काढायचा ढोबळ नियम तुम्हाला माझ्याहून चांगला माहीत आहे. तीन मजली चाळ तीन हर्ट्झच्या (सेकंदाला तीन हेलकाव्यांच्या) आसपास, चाळीस मजली टॉवर चार सेकंदांचा. इमारत आपल्याच तालाच्या लाटेने जास्त हलते. म्हणजे लांबच्या मोठ्या भूकंपाची झळ चाळीला कमी आणि टॉवरला जास्त. परळ-लोअर परळमधे गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले तेव्हापासून हा आकडा मुंबईसाठी जास्त महत्त्वाचा झालाय.

गाळाचा आणखी एक उपद्रव सांगते, तो थेट आमच्या मोजणीतला. ओळीतलं पुढचं स्टेशन गाळावर असेल तर तिथे लाट फुगते. हिशेब केला की ती वाटेत झिजण्याऐवजी वाढली असं दिसतं, क्यू उणे येतो. उणे क्यूला खडकात काही अर्थच नाही. त्यामुळे आधी प्रत्येक स्टेशनाखालच्या जमिनीचं फुगवणं वेगळं काढावं लागतं. कॅलिफोर्नियात लाँग बीच शहरात तेलाच्या शोधासाठी पाच हजारांहून जास्त जिओफोन (छोटे कंपनमापक) जमिनीवर पसरले होते. तिथल्या कुरबुरीवरून फुगणं, विखुरणं आणि जिरणं वेगवेगळं करून दाखवलं गेलं. म्हणजे तुमचा तीस मीटरचा प्रश्नही याच नोंदींतून सुटू शकतो.

निवृत्त_पूलवाला | २० जून, दुपारी ४:२०

टॉवरचा मुद्दा पटला. संहितेतला झोन बघून आम्ही बळ काढतो, पण कुठल्या अंतरावरून कुठल्या कालावधीची लाट येणार याचा विचार उंच इमारतींसाठी वेगळा करायलाच हवा. तरीही निधी एकच असेल तर मी तो आधी गाळाच्या नकाशाला देईन.

सिग्नलमन | २० जून, रात्री ९:३०

@कातळकडा, सिग्नल प्रोसेसिंग हा माझा रोजचा विषय आहे, म्हणून जरा खोदून विचारतो. जुळवणी करण्यापूर्वी भूकंप आणि मोठे धक्के दाबण्यासाठी नोंदीतली फक्त अधिक-उणे खूण ठेवतात, बाकी उंची फेकून देतात, असं वाचलंय. उंचीच फेकून दिली तर तिच्यावरून क्षय कसा काढणार? शिवाय फ्रिक्वेन्सीचं सपाटीकरण करतात, म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखं वजन देतात, ते वेगळंच. मला हे काहीसं हवेतलं वाटतं.

कातळकडा | २० जून, रात्री १०:४५

अगदी मर्मावर बोट ठेवलंत. वेग काढताना उंचीशी देणंघेणं नसतं, म्हणून तिथे ती युक्ती सर्रास वापरतात. क्षयासाठी ती बाद. त्याऐवजी काही जण सगळ्या स्टेशनांना एकाच वेळी एकाच गुणकाने भागतात, म्हणजे स्टेशना-स्टेशनांतलं प्रमाण शाबूत राहतं. हेर्मान प्रिएतो, जेसी लॉरेन्स आणि ग्रेग बेरोझा यांनी २००९ मध्ये दुसरी वाट धरली: दोन स्टेशनांच्या नोंदी एकमेकींशी किती सुसंगत राहतात हे अंतर वाढेल तसं कसं घटतं ते मोजलं, आणि त्या घसरणीतून क्षय काढला. २०११ मध्ये लॉरेन्स आणि प्रिएतो यांनी पश्चिम अमेरिकेचा असा नकाशाही केला.

त्याच वर्षी व्हिक्टर त्साई यांनी गणिताने दाखवलं की या घसरणीचा आकार कुरबूर कुठून येते आणि किती लांबून येते यावर बराच अवलंबून आहे. उगमस्थानं वेगळी धरली की तोच खडक वेगळा क्यू देतो. हा वाद मी किरकोळ मानत नाही. माझं मत विचाराल तर, कुरबुरीवरून काढलेल्या वेग-नकाशावर मी डोळे मिटून विसंबेन. क्षयाच्या नकाशात मात्र इथे जास्त, तिथे कमी एवढंच आधी वाचेन, आणि आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी लाटा येण्याच्या दिशेचा हिशेब मागेन.

तुम्हाला हवेतलं वाटतं ते जमिनीवर आणायचा एक मार्ग म्हणजे एका रेषेतली तीन स्टेशनं. समजा अलिबाग, पेण, खोपोली. हे त्रिकूट बऱ्यापैकी सरळ रेषेत आहे आणि पावसाळी लाटा साधारण याच अंगाने आत शिरतात. अलिबागजवळून गेलेली तीच लाट पेणजवळून जाते आणि तीच खोपोलीजवळून. उगम किती मोठा होता हे माहीत नसलं तरी तिघांच्या आपसातल्या प्रमाणात तो कटून जातो. उरतं ते पसरणं, जमिनीचं फुगवणं आणि क्षय. पसरण्याचं सूत्र ठरलेलं आहे. फुगवण्यासाठी उलट दिशेने जाणाऱ्या लाटांची मदत होते, म्हणून पावसाळ्याबाहेरचे महिनेही हवेत. कॅलिफोर्नियात सॅन हासिंतो भ्रंशावर तीन स्टेशनांची ही पद्धत वापरली गेली आहे.

सिग्नलमन | २० जून, रात्री ११:१०

प्रमाणात उगम कटतो हे समजलं. मग शिल्लक आक्षेप एवढाच की लाट रेषेपासून दहा-वीस अंश तिरकी आली तर?

कातळकडा | २० जून, रात्री ११:२६

तर जुळणीचा वेळ कमी भरतो, वेग खोटा जास्त दिसतो, आणि तिथेच आपल्याला कळतं. वेग आधी तपासायचा, ज्या दिवशी तो बसत नाही तो दिवस क्षयाच्या हिशेबातून वगळायचा. वर्षभराच्या नोंदी मागते ती याचसाठी. वगळूनही पुरेसं उरायला हवं.

डहाणू_लोकल | २१ जून, सकाळी ९:१५

आमच्याकडचं विचारतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत धक्के सुरू झाले, तेव्हा आम्ही थंडीत तंबूत झोपलोय. मापकावर तीनचाही भूकंप नसायचा, पण आवाज तोफेसारखा. धडाम! मग भांडी, पत्रे, आणि संपलं. मुंबईतले नातेवाईक म्हणायचे, एवढ्याशा भूकंपाचा आवाज कसला येतो. पण येतो. कोंबड्यासुद्धा उडायच्या. याचा तुमच्या क्षयाशी काही संबंध?

कातळकडा | २१ जून, सकाळी १०:०२

@डहाणू_लोकल दादा, संबंध थेट आहे. कानाला ऐकू यायला सेकंदाला वीसहून जास्त हेलकावे लागतात, आणि क्षय सगळ्यात आधी अशाच हेलकाव्यांना खातो. ते तुमच्या अंगणापर्यंत पोचले कारण भूकंप उथळ होते आणि वाटेतला खडक कठीण. दाबलाट जमिनीतून बाहेर पडताना हवेला ढकलते, तो तुमचा धडाम. मुंबई शंभर किलोमीटरवर, तिथवर ते हेलकावे जिरून गेलेले असतात, म्हणून नातेवाइकांना पत्ता लागत नाही. तुम्ही ऐकलेलं खरंच होतं, आणि ज्यांनी तुम्हाला वेड्यात काढलं त्यांना हे जरूर वाचायला द्या.

सह्यवेडा | २१ जून, दुपारी १२:३०

वाचतोय. दोन प्रश्न. घाटातला बेसाल्ट आणि त्याखालचा जुना ग्रॅनाइट वेगळे दिसतील का? आणि गणेशपुरी-वज्रेश्वरीची गरम कुंडं अशा नकाशात येतील का?

कातळकडा | २१ जून, दुपारी १:१८

बेसाल्टची जाडी कोयनेच्या भागात किलोमीटरच्या आसपास आहे. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला गोठणे इथे तीन किलोमीटरचं संशोधन-छिद्र पाडलं, त्यात बेसाल्ट संपून ग्रॅनाइटी खडक लागला, म्हणजे तिथे कुरबुरीचं उत्तर पडताळायला प्रत्यक्ष दगड हातात आहे. एवढ्या उथळ भागासाठी पाच सेकंदांची लाट उपयोगाची नाही, एक-दोन सेकंदांची हवी आणि स्टेशनं जवळजवळ हवीत. मला जास्त कुतूहल पनवेलच्या वाकेचं आहे. घाटात आडवे असलेले लाव्हाचे थर तिथे पश्चिमेला झुकतात आणि खडक पुष्कळ ठिकाणी फुटलेला आहे. फुटलेला आणि पाणी मुरलेला खडक लाटेला जास्त खातो, त्यामुळे ती वाक क्षयाच्या नकाशात उठून दिसते का हे बघण्यासारखं आहे.

कुंडांचं उत्तर: पाणी गरम आहे एवढ्याने काही दिसणार नाही. ते ज्या भेगांतून वर येतं त्या पट्ट्याची रुंदी लाटेच्या तरंगलांबीच्या तुलनेत बरी असेल तरच.

चाळकरी | २१ जून, दुपारी २:०५

यातून भूकंपाचं भाकीत करता येईल का, हे कोणीतरी विचारणारच, म्हणून मीच विचारतो.

कातळकडा | २१ जून, दुपारी २:२०

नाही. भूकंप आल्यावर तो कुठे किती हलवेल याचा अंदाज सुधारतो. कधी येईल याबद्दल काही कळत नाही.

शेकवाला | २१ जून, रात्री ८:५०

माझ्याकडे रास्पबेरी शेक हा छोटा घरगुती भूकंपमापक आहे, बोरिवलीत तळमजल्यावर, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. रात्री एकनंतर लोकल थांबल्या की रेघ बसते आणि चारच्या सुमारास पुन्हा उठते. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हाची नोंद तर मी जपून ठेवलीय, दिवसा रात्रीसारखी शांतता. माझ्या यंत्राचा या कामात काही उपयोग होईल का? पेणला मावशीचं घर आहे, तिथे दुसरं बसवायलाही तयार आहे.

कातळकडा | २१ जून, रात्री ९:४०

@शेकवाला, ती २०२० ची नोंद सांभाळा. त्या टाळेबंदीत जगभरच माणसांनी होणारी कुरबूर निम्म्यापर्यंत उतरली होती, त्यावर त्याच वर्षी मोठा शोधनिबंध आला.

तुमच्या यंत्राचा जिओफोन साडेचार हर्ट्झचा आहे. पाच-सहा सेकंदांची समुद्री लाट त्याला नीट पकडता येणार नाही, म्हणून पेणला कवचाच्या कामासाठी ब्रॉडबँड, म्हणजे सावकाश हेलकावेही पकडणारं, यंत्रच लागेल. पण एक हर्ट्झच्या वर ते उत्तम चालतं, आणि तिथे तुमच्याकडे रोज ठरलेल्या रुळावरून जाणारा उगम आहे. ट्रेनच्या थरथरीचा असा वापर फ्रान्समधल्या संशोधकांनी करून दाखवलाय. रुळांना काटकोनात, घरापासून पूर्वेला थोड्या थोड्या अंतरावर आणखी दोन यंत्रं बसली, तर वरच्या काही दहा मीटरांचा क्षय निघेल. पूलवाले काका मागताहेत तोच गाळाचा नकाशा.

बसवताना फरशीवर ठेवू नका, पोकळ फरशी स्वतः वाजते. जमिनीला चिकटलेल्या काँक्रीटवर ठेवा, पंप आणि फ्रिजपासून लांब. तिन्ही यंत्रांची घड्याळं जीपीएसला जोडा, इंटरनेटवरच्या वेळेवर सोडू नका. पाच हर्ट्झला थोड्याशा मिलिसेकंदांचा फरकही जुळवणी बिघडवतो.

निवृत्त_पूलवाला | २१ जून, रात्री १०:१०

बोरिवली पूर्वेला आमच्या जुन्या कामांचे बोअर-लॉग माझ्या वहीत आहेत. कुठे किती खोलीला मुरूम, कुठे खडक लागला ते त्यात आहे. @शेकवाला, कुठली जागा ठरते ते इथेच कळवा, त्या रेषेवरचे लॉग काढून देतो.